हातोहात गेलेलं कार्ड

वेलचेरी, चेन्नई
८ मार्च २०२५

विशालाक्षी मामी, नमस्कार.

"रडू नको, समोरच्या फलाटावर जा." हे तुम्ही मला वीस वर्षांपूर्वी फोनवर म्हणाला होतात. तुमच्या मैलापूरच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही नवीन बिऱ्हाडकरू होतो. मला चेपॉकला जायचं होतं आणि मी उलट्या दिशेच्या गाडीत चढले होते. कस्तुरबा नगरला उतरून बाहेरच्या बूथवरून तुम्हाला फोन केला. लग्न होऊन साताऱ्याहून आले होते, तमिळमध्ये 'नाही' आणि 'नको' म्हणायचे 'इल्लै' आणि 'वेंडाम' एवढे दोनच शब्द येत होते. मला वाटलं होतं तुम्ही न्यायला याल. तुम्ही तेवढं एकच वाक्य बोललात आणि फोन ठेवलात.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तीच गाडी धरली. चेपॉकला उतरल्यावर मागे वळून पाहिलं तर डब्याच्या त्या टोकाच्या दारातून तुम्ही उतरत होतात, हातात भाजीची पिशवी. "मुरुंगक्काय इथे चांगली मिळते," म्हणालात. चेपॉकला कुठली आलीय शेवग्याची शेंग.

आज शनिवार, म्हणून तुमच्या घरी जाऊन आले. तुळशीला पाणी घातलं. दूधवाल्याने विचारलं, मामी कधी येणार. मी सांगितलं, मे अखेर. तो म्हणाला, "तिकडे त्यांना कॉफी कोण देणार?" त्याला तुमच्या बहिणीपेक्षा तुमच्या डिकाशनची काळजी जास्त.

अक्का कशा आहेत? ओळखलं का? तुम्ही परवा फोनवर फक्त "बरं आहे" एवढंच म्हणालात. मागून तुमच्या मुरलीचा आवाज येत होता, म्हणून मी पुढे विचारलं नाही. लिहून कळवा. तुम्ही लिहिता तसं वहीच्या कागदावर लिहा आणि फोटो पाठवा. मीही तेच करते आहे.

तुमची,
अलकनंदा

*

मेलबर्न
१६ मार्च

चि. अलका, आशीर्वाद.

तू बरोबर ओळखलंस. हे घर लाकडी भिंतींचं आहे. स्वयंपाकघरात चमचा पडला तर वरच्या खोलीत कळतं. कागद बरा.

अक्काने ओळखलं नाही. पहिल्या दिवशी मुरली मला गाडीतून घेऊन गेला. ती खुर्चीत बसली होती, केस बारीक कापलेले. तू तिला कधी पाहिलं नाहीस. लग्नानंतर व्यासराज भावोजींबरोबर इकडे आली ती इकडचीच झाली. मूलबाळ नाही. मुरली शिकायला आला तेव्हा चार वर्षं तिच्याच घरी राहिला, तिच्याच हातचं जेवला. आता भावोजी नाहीत आणि ती म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये. मुरली तिच्याशी इंग्रजीत बोलला. ती खिडकीकडे बघत राहिली. मी म्हणाले, "अक्का, कशी आहांस गे?" आमच्या तंजावरच्या मराठीत. (तुला लिहिताना मी तुझी मराठी लिहिते, तिच्याशी आमची बोलते.) तिने मान वळवली आणि विचारलं, "कोणाची गे तू?"

एवढंच. पण अलका, मुरली सांगतो की सहा महिन्यांत ती कोणाशी एक शब्द बोललेली नव्हती. इंग्रजी गेलं. तमिळ गेलं. हे एक राहिलंय आणि ते बोलणारं या शहरात मला तरी दुसरं कोणी माहीत नाही.

मुरली आणि संयुक्ता, मुलगा-सून दोघंही कामाला जातात. रविवारी अर्धा तास मला नेतात. मी इथे तीन महिने टीव्ही बघायला आलेले नाही. म्हणून मी मुरलीला म्हणाले, मला रोज जायचंय, गाडी नको, रस्ता दाखव. तो हसला. दुसऱ्या दिवशी परत म्हणाले. तिसऱ्या दिवशी हसला नाही, कार्ड आणून दिलं.

हिरवं कार्ड आहे, आधी पैसे भरून ठेवायचे. आपल्या मेट्रोच्या कार्डासारखंच, पण हे एकच कार्ड बसला, आगगाडीला, ट्रामला सगळीकडे चालतं. घरापासून स्टेशन चालत, तिथून आगगाडी, मग ट्राम. चढताना खांबावर टेकवायचं, उतरताना परत टेकवायचं. उतरताना विसरलं तर जास्तीचे पैसे कापतात. मी विसरत नाही. चढताना मनात म्हणते, "येतें." उतरताना म्हणते, "जाऊनशान येतें." आपण निघताना नुसतं 'जाते' म्हणत नाही ना, तसं. यंत्रालाही वाईट वाटायला नको.

मुरलीला विचारलं, इथे आपल्यासारखी बायकांना बस फुकट नाही का? तो म्हणाला, "अम्मा, हे मेलबर्न आहे, मैलापूर नाही."

दूधवाल्याला सांग, कॉफी मी माझी करते. फिल्टर बरोबर आणलाय.

विशालाक्षी

*

वेलचेरी
२१ मार्च

मामी,

तुमचं पत्र रत्नाकरला वाचून दाखवलं. तो बँकेतून आला होता, सॉक्ससुद्धा काढले नव्हते. "यंत्रालाही वाईट वाटायला नको" यावर हसला. मग सॉक्स काढताना म्हणाला, "आपण म्हातारे झाल्यावर कुठली भाषा शिल्लक राहील?" मी म्हटलं, तुझी बँकेची. पण ते वाक्य दिवसभर माझ्या मागे फिरत राहिलं. शाळेत फळ्यावर लिहिताना मध्येच थांबले. आमच्या मुलाला मराठी समजते, उत्तर तो तमिळमध्ये देतो. मी उद्या अक्कांच्या जागी असले तर तो काय हवंय म्हणून "अम्मा, एन्न वेणुम?" असं विचारेल आणि मी खिडकीकडे बघेन.

असो. रोज जाता ना? अक्का काय बोलतात ते लिहा. जेवतात का? आणि ट्राममध्ये गर्दी फार असते का हो? मी फोटोत पाहिली, लांबलचक आगगाडीसारखी आहे, पण रस्त्यावरून जाते. जपून चढा.

तुळशीला मंजिऱ्या आल्यात.

अलकनंदा

*

मेलबर्न
३ एप्रिल

चि. अलका,

उत्तराला उशीर झाला. इथे थंडी सुरू झाली आहे, झाडांची पानं लाल झालीत, दिसायला सुरेख. संयुक्ताने स्वेटर आणून दिला. घरीच असते. वाचते. कार्ड सध्या मुरलीकडे आहे.

अक्काला रविवारी पाहिलं.

तुळशीच्या मंजिऱ्या खुडून टाक, नाहीतर झाड थकतं.

विशालाक्षी

*

वेलचेरी
७ एप्रिल

मामी,

तुमचं पत्र वाचून मला काळजी वाटली, कारण तुम्ही "घरीच असते" हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा लिहिलंय. विचारावं म्हणून बसले होते, तेवढ्यात मुरलीचा इंग्रजीत मेल आला. तुमच्यापासून लपवून ठेवणं मला जमणार नाही. त्याने लिहिलंय ते मराठीत थोडक्यात सांगते.

तो म्हणतो, सव्वीस मार्चला त्याला मीटिंगमध्ये फोन आला. तिकीट तपासणाऱ्या माणसाचा. तुमच्याकडे कार्ड नव्हतं, तुम्ही भलत्याच स्टॉपवर उतरला होतात, वारा सुटला होता. तो पोचला तेव्हा तुम्ही पदर गच्च गुंडाळून बाकावर बसला होतात. तुम्ही त्याला म्हणालात, "माझं कार्ड पुढे गेलं." त्याला काहीच कळलं नाही. दोन दिवसांनी हरवलेल्या वस्तूंच्या ऑफिसातून कार्ड मिळालं, ते त्याने आपल्या पाकिटात ठेवलंय.

त्याला माझ्याकडून असं हवंय की मी तुम्हाला समजवावं. "ती तुझं ऐकते," असं लिहिलंय. पेरियम्माला, म्हणजे अक्कांना, पाच मिनिटांनी आठवत नाही कोण आलं होतं, मग रोज जाऊन उपयोग काय, असंही. आणि शेवटी एक वाक्य आहे, ते मी दोनदा वाचलं: "पेरियम्मा हळूहळू जातेच आहे. अम्मालाही त्याच रस्त्यावर हरवायचं का?"

मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. तो चुकीचा आहे असं मला म्हणता येत नाही. तुम्ही बहात्तर वर्षांच्या आहात, पाय सरकला तर काय? पण तुमची बाजू मी ऐकलेली नाही. कार्ड पुढे गेलं म्हणजे काय झालं? आणि मामी, रविवारी भेटता येतं, तर रोज जाणं इतकं महत्त्वाचं का आहे? मला नीट सांगा. तुम्हाला समजवायचं की त्याला, ते मी मग ठरवीन.

अलकनंदा

*

मेलबर्न
११ एप्रिल

चि. अलका,

तू विचारलंस म्हणून लिहिते. मुरलीला मी हे सगळं सांगितलेलं नाही, कारण सांगायला लागले की तो आधीच मान हलवतो.

त्या दिवशी ट्राममध्ये शाळेची पोरं भरली होती. मी दारातून आत ढकलले गेले, मधे येऊन अडकले. कार्ड टेकवायचं यंत्र दाराजवळ राहिलं. हात पोचेना. आता तूच सांग, टी. नगरच्या बसमध्ये आपण काय करतो? कंडक्टर पुढे असला की पैसे पुढच्या माणसाच्या हातात देतो, तो त्याच्या पुढच्याला, आणि तिकीट तसंच हातोहात परत येतं. जन्मभर तेच केलं. एक रुपया कधी कोणी खाल्ला नाही. मी विचारसुद्धा केला नाही. शेजारच्या मुलाच्या हातात कार्ड दिलं आणि म्हणाले, "ओरु टिकेट." तमिळमध्ये. तोंडातून तेच आलं.

त्याच्या कानात गाणी ऐकायची यंत्रं होती. त्याने कार्ड बघितलं, मला बघितलं, आणि पुढच्या बाईला दिलं. एवढं बरोबर झालं. त्या बाईने ते एका उंच माणसाला दिलं. त्याला वाटलं कोणाचं तरी पडलेलं कार्ड आहे. तो यंत्र सोडून पुढे चालत गेला आणि चालकाच्या खिडकीत देऊन उतरला, हे नंतर कळलं. मला माझं कार्ड जाताना दिसत होतं, अलका. मी त्या माणसाच्या मागे उतरले. त्याला गाठलं तेव्हा कळलं की त्याच्या हातात काही नाही आणि ट्राम गेलीय.

तपासणारी माणसं त्याच स्टॉपवर उभी होती. चांगली होती, ओरडली नाहीत. मी समजावून सांगितलं की आमच्या गावात असं देतात. त्यातला एक जण म्हणाला, "आणि परत येतं?" मी म्हटलं, "नेहमी." त्याने माझ्यासाठी कुठूनतरी गरम चहा आणला. पदर गुंडाळला होता तो थंडीने. थोडासा भीतीनेही. खोटं लिहीत नाही.

तू विचारलंस रोज कशाला. अक्का जेवत नव्हती. ताट तसंच परत जायचं. पहिल्या आठवड्यात मी तिथे बसले, चमचा घेतला आणि म्हणाले, "जेव गे, भात निवतो." आई म्हणायची तसं. तिने तोंड उघडलं. त्यानंतर मी गेले त्या प्रत्येक दिवशी ती जेवली. फिलिपिन्सची एक नर्स आहे, तिने माझ्याकडून 'जेव गे' शिकून घेतलं. अक्का तिच्याकडे बघून हसली, पण तोंड उघडलं नाही. सूर वेगळा लागतो बहुतेक. आता दोन आठवडे रविवार सोडून मी गेलेली नाही. रविवारी पाहिलं तर तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावलं.

मुरली म्हणतो तिला आठवत नाही. नसेल आठवत. जेवताना आठवावं लागत नाही.

मी जाणार आहे. मुरली कार्ड देईपर्यंत मी रोज त्याला विचारणार आहे. त्याला समजव किंवा समजवू नकोस, हे मी तुला सांगून ठेवते.

विशालाक्षी

*

वेलचेरी
१५ एप्रिल

मामी,

काल पुतांडु होतं. नवं वर्ष म्हणून सकाळी तुमच्या घरी जाऊन दारात कोलम काढलं, रांगोळीचा हात कोलमला चालेना, वाकडंतिकडं आलं. समोरच्या कृष्णस्वामी मामांनी गॅलरीतून विचारलं, "हे कोलम आहे की रस्त्याचा नकाशा?" मी म्हटलं, नकाशाच आहे, मामी परत येताना चुकायला नकोत.

तुमच्या पत्रानंतर मी मुरलीला उत्तर दिलं. त्याला मी दोष दिला नाही. त्या दिवशी त्या बाकापाशी मी असते तर मीही कार्ड पाकिटात ठेवलं असतं. कस्तुरबा नगरची गोष्ट मात्र मी त्याला सांगितली. तो तेव्हा तुमच्याकडे नव्हता, मेलबर्नला अक्कांच्या घरी जेवत होता, म्हणून त्याला ती माहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या अम्माने काय केलं तेही सांगितलं. मी लिहिलं, "त्यांनी मला घरात बसवलं नाही आणि माझा हातही धरला नाही. डब्याच्या दुसऱ्या टोकाला बसून आल्या. मी परत चुकले असते तर त्या पुढे आल्या असत्या, की तशाच बसून राहिल्या असत्या, ते मला अजून माहीत नाही. तूही एक दिवस सुट्टी घे आणि तसाच जा. बोलायचं नाही, पुढे यायचं नाही. त्या पोचल्या तर कार्ड त्यांचं. नाही पोचल्या तर मी स्वतः त्यांना सांगेन की मामी, पुरे."

हे शेवटचं मी तुम्हाला न विचारता कबूल केलंय. रागावू नका. मला खात्री आहे म्हणून केलंय. पूर्ण नाही, पण बरीचशी.

एक काम करा. कार्डाला भोक पाडू नका, खराब होईल. लहानशी कापडी पिशवी शिवा आणि लांब नाडीने गळ्यात अडकवा. पिशवीतूनच टेकवलं तरी चालतं, मी आपल्या मेट्रोत करून पाहिलं. तिथलाही नियम तोच असेल, पण एकदा विचारून घ्या. आणि गर्दी असली तर दारातच उभ्या राहा. लोक कुरकुरतील. कुरकुरू द्या.

अलकनंदा

*

मेलबर्न
२७ एप्रिल

चि. अलका,

पिशवी शिवली. नाडी घरात सापडेना, म्हणून एका परकराची काढून घातली. तो परकर आता कपाटात नुसता पडलाय.

मुरलीने तुझा मेल वाचला. चौथ्या दिवशी म्हणाला, "गुरुवारी सुट्टी काढलीय. पण अम्मा, मी बोलणार नाही म्हणजे नाही." मी म्हटलं, "लहानपणापासून तू तेच करतोयस." संयुक्ता मोठ्याने हसली. तोही हसला, नाइलाजाने.

गुरुवारी निघालो. तो दहा पावलं मागे. माझ्याएवढाच तोही घाबरलेला होता, मला पाठीमागून कळत होतं. स्टेशनावर पिशवी टेकवली, खांबाने आवाज केला, येतें म्हणाले. गाडी आली, चढले, तो डब्याच्या त्या टोकाला. आणि मग मला ज्या स्टेशनवर उतरायचं होतं ते स्टेशन खिडकीतून निघून गेलं. गाडी थांबलीच नाही. जलद गाडी होती. पाटीवर लिहिलं असणार, मी वाचलं नाही.

मुरली उभा राहिला. मी त्याच्याकडे बघून हात वर केला, शाळेत शिकवायची तेव्हा वर्गात पोरांना बसवायची तसा. तो बसला. पुढचं स्टेशन आलं, उतरले. जिना चढून पुलावरून पलीकडे गेले. समोरच्या फलाटावर. पाटी नीट वाचली. एका मुलीला विचारून परत खात्री करून घेतली. हळू गाडी आली, तिने परत नेलं. मुरली सगळीकडे मागे. त्याच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही, बघितलं असतं तर मला हसू किंवा रडू आलं असतं.

ट्राममध्ये दारात उभी राहिले. लोक कुरकुरले.

अक्का खिडकीशी होती. "कोणाची गे तू?" "शेजारची," म्हणाले. रोज वेगळं सांगते, तिला चालतं. मग ती बोलत सुटली. तंजावरच्या घराच्या मागचा आड, त्यात पडलेली कळशी, कोणी काढली, कोणाला मार बसला. अर्ध्या गोष्टी मलाही माहीत नव्हत्या, माझ्या जन्माआधीच्या असतील. मुरली दारात उभा राहून ऐकत होता. ताट आलं, ती जेवली. ताक सगळं प्याली.

मग तिची नजर त्याच्यावर गेली. "कोणाचा रे तू?" असं विचारलं. किती गोड विचारलं. तो पुढे आला, गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "इट्स मी, पेरियम्मा. मुरली." तिने थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान खिडकीकडे फिरवली. परत वळली नाही.

येताना आम्ही एकाच बाकावर बसलो. तो म्हणाला, "तिने काय विचारलं ते मला कळलं होतं. उत्तरही येत होतं. तोंडातून आलं नाही." घरी पोचल्यावर त्याने फोनवरून माझ्या कार्डात पैसे भरले आणि म्हणाला, "अम्मा, जलद गाडीची पाटी लाल अक्षरात असते."

आता रोज जाते. ट्राममध्ये बसून आज अक्काला काय सांगायचं ते मनात जुळवत जाते. तासाभराचा रस्ता आहे. पोचेपर्यंत जीभ आमच्या बोलण्याला सरावते.

मे अखेर मला परत यायचंय. व्हिसा वाढत नाही. त्याचा विचार अजून करत नाहीये.

विशालाक्षी

*

मैलापूर, चेन्नई
२ जून

चि. मुरली, आशीर्वाद.

मी तुला मराठीत पत्र पहिल्यांदाच लिहिते आहे. तुला वाचता येईल. देवनागरी तुला मीच शिकवली, हिंदीच्या पेपरात पैकीच्या पैकी गुण घेतले होतेस. वेळ लागला तर लागू दे, दोन दिवसांत वाच.

सुखरूप पोचले. अलका विमानतळावर आली होती. घरात सगळं जागच्या जागी होतं. फक्त तुळस मला सोडून तिच्याशी बोलायला लागलीय. काल दुपारी बसमध्ये मागून एका माणसाने माझ्या हातात दहा रुपये दिले, मी ते पुढे दिले. तिकीट आलं, सुट्टे आले, मी मागे दिले. मग एकटीच हसत बसले.

आज सकाळी तू फोनवर सांगितलंस की अक्काने दोन दिवस ताट परत पाठवलं. नर्सने 'जेव गे' म्हणून पाहिलं, असंही सांगितलंस. तू शांतपणे सांगितलंस, ऑफिसात काही सांगावं तसं. पण शेवटी बराच वेळ फोन ठेवला नाहीस. म्हणून लिहायला बसले.

मी माझं कार्ड तिथे ठेवून आले आहे. विसरले नाही. कॉफीच्या डब्यामागे, पिशवीसकट. तुझ्याकडे तुझं कार्ड आहे हे मला माहीत आहे. तरी हे घे, कारण हे त्या रस्त्यावर गेलेलं आहे.

तू काय म्हणशील तेही मला माहीत आहे. कामाचा दिवस आहे. गाडीने अर्धा तास लागतो, ट्रामने कशाला जायचं. मला ती भाषा येत नाही, अम्मा. तू ती बोलायचास. पाच वर्षांचा होईपर्यंत दुसरं काही बोलत नव्हतास. आडाच्या काठी उभं राहून अक्कालाच हाका मारायचास, ती सुट्टीत आली की. मग शाळा आली, तमिळ आलं, इंग्रजी आलं. मी अडवलं नाही. त्या वेळी मला तेच बरोबर वाटलं होतं आणि आजही पूर्ण चूक वाटत नाही. भाषा गेली नाहीये. त्या दिवशी येताना तूच म्हणालास, उत्तर येत होतं.

गाडीने गेलास तर पोचेपर्यंत तू फोनवर बोलत राहशील, आणि तिथे पोचल्यावर गाडी कुठे लावलीय त्याचाच विचार करशील. ट्राममध्ये हात मोकळे असतात. तासभर असतो. तेवढ्या वेळात मनातल्या मनात चार वाक्यं म्हणत जा. भात निवतो. ताक पी. कळशी मी काढली. एवढी पुरतात. ती विचारेल, "कोणाचा रे तू?" तेव्हा मुरली म्हणू नकोस, मुरली तिला माहीत नाही. "विशूचा" म्हण, ती मला विशू म्हणायची. आणि निघताना तिला बाय म्हणू नकोस. "जाऊनशान येतों" म्हण. ती मान हलवेल, मग निघ.

मी रोजचं मागत नाही. तुझं आयुष्य मला दिसतं, मी तीन महिने तुझ्या घरात राहिले. तू थकतोस. मला नाही म्हणताना तुला वाईट वाटतं हेही दिसतं, आणि या वेळीही तू नाहीच म्हणशील असं मला वाटतंय. 'पाहतो' असं म्हणशील, तुझं 'नाही' तसंच येतं. तरी मागते.

एक मंगळवार दे. गाडी घरी ठेव, माझं कार्ड घे, आणि तिला जेवू घालून ये.

अम्मा